घरचा दोर

“केरबाराव, हा राम कोण?”

गुणेसरांनी कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं होतं. चष्मा कपाळावर. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“कुठला राम, सर?”

“हा. ‘रामाने खुर्ची स्थिर केली.’ गेल्या आठवड्यात यानंच दार ढकललं होतं. त्याआधी शिडी चढला, पत्र फाडलं, दूध सांडलं. आपल्या कोशात एवढं राबणारा दुसरा माणूस नाही. त्याला पगार सुरू करायला हवा.”

मी मान खाली घातली. ही एकाहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. कोल्हापुरात एका बुकबाइंडरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि तिथं आम्ही दोघं इंग्रजी-मराठी कोश करत होतो. खालून खळीचा आंबूस वास यायचा. सर निवृत्त प्राध्यापक, मी त्यांचा एकुलता एक मदतनीस. प्रत्येक शब्दाचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड असे. पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ. मागच्या बाजूला त्या अर्थाचं एक मराठी वाक्य, आणि त्याखाली तीन रकाने: कोण म्हणालं, कुठे, कधी. वाक्य रचायचं नाही, ऐकायचं, हा सरांचा नियम होता. आणि दोन वर्षांत मी एकही वाक्य ऐकून आणलं नव्हतं. भाजीबाजारात जाऊन उभा राहायचो, कुणी माझ्याकडं पाहिलं की चालू लागायचो. मग खोलीवर येऊन रामाला कामाला लावायचो.

त्या दिवशीचा शब्द होता ‘स्टेडी’. विशेषण नव्हे, क्रियापद. एखाद्या वस्तूला स्टेडी करणं. मी अर्थ लिहिला होता, ‘स्थिर करणे’. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली.

“दगड स्थिर असतो, केरबाराव. हे क्रियापद दगडासाठी नाही. कुणीतरी हलतंय, त्याला हलायचंच आहे. दुसरा त्याला पडू देत नाही, पण थांबवतही नाही. अशा वेळी आपली माणसं काय बोलतात?”

“सावरणं?”

“सावरणं पडता पडता होतं. हे त्याच्या जरा आधीचं आहे.” त्यांनी चष्मा नाकावर घेतला. “जत्रेला निघालात ना गावी? तिथं तर तुमच्या घरची काठी नाचते म्हणे. ऐकून या. आणि एवढं करा, कार्ड कोरं आणू नका.”

मी ते कार्ड आणि बोटभर पेन्सिल शर्टाच्या खिशात घातली आणि गावाकडच्या एसटीत बसलो.

पन्हाळ्याच्या पलीकडं आमची वाडी. वाडीच्या वर भैरोबाचा माळ. जत्रेत देवळाभोवती काठी नाचते. पस्तीस फुटांचा कळकाचा बांबू, अंगाला पांढरी-तांबडी पटकी गुंडाळलेली, शेंड्याला तुरा. ती एकाच माणसानं पेलायची. त्याच्या कमरेला कातड्याचा रुंद पट्टा असतो, पट्ट्याच्या खोबणीत काठीचा बुडखा बसवायचा आणि हलगीवर नाचायचं. शेंड्याखाली चार दोर बांधलेले असतात, ते चौघांनी चार बाजूंना उभं राहून धरायचे. चार पिढ्या ती काठी आमच्या घरात होती. वडील पेलायचे. थोरला भाऊ रंगराव चौघांतला एक दोर धरायचा, कारण चारांतला एक दोर घरच्या माणसाच्या हातातच हवा, असा रिवाज होता. वडील आदल्या कार्तिकात गेले. आता काठी दादाकडं आली होती, आणि घरचा दोर धरायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

“आलास?” दादा ओट्यावर पट्ट्याला तेल चोळत बसला होता. “मला वाटलं पुस्तकाखाली सापडून मेलास.”

“अवो, सनासुदीचं काय बोलतासा!” वहिनी आतून ओरडली. मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. “भावजी, हात दावा बघू.” मी हात पुढं केले. तिनं तळव्यावर बोट दाबलं आणि पदर तोंडाला लावून हसली. “ह्ये हात न्हवं, लोनी हाय. उद्या दोर सालटी काढील.”

“काढू दे की,” दादा म्हणाला. “आमची न्हाई निघाली? का बा, कोल्हापुरात कातडी म्हाग मिळती?”

माझ्याहून तो सहा वर्षांनी मोठा. मी शाळेत पहिला आलो, म्हणून वडिलांनी त्याची शाळा सोडवून त्याला औताला जुंपलं. याबद्दल तो कधी बोलला नाही. तालुक्याला हायस्कुलात होतो तेव्हा दर शनिवारी सात मैल चालत भाकरी घेऊन तोच यायचा. वर्गाच्या खिडकीतून आत बघायचा आणि मास्तरांनी मला काही विचारलं की माझ्या आधी त्याच्याच कपाळावर घाम यायचा.

संध्याकाळी खळ्यावर काठी उभी केली. बाळकूतात्या मगदूम हे काठीचे कारभारी. सत्तरीचे, एका डोळ्यात फूल पडलेलं. चुलत्याची दोन पोरं मागच्या दोरांना, लक्ष्मण सुतार पुढच्या डाव्याला, मी पुढच्या उजव्याला. पहिल्यांदा मी दोर ओढला तर काठी माझ्याकडं झुकली आणि दादा दोन पावलं फरफटला. घाबरून सैल सोडला तर ती पलीकडं निघाली.

“तात्या, किती ओढायचा?” मी विचारलं.

“ह्ये तोंडानं सांगून येत न्हाई, मास्तर.” मी शिकवत नव्हतो, पण वाडीत मला मास्तरच म्हणत. तात्या माझ्या पाठीमागं आले आणि माझ्या हातांवर त्यांनी आपले हात ठेवले. खरबरीत, कोरडे हात. त्यांच्या हातांखाली दोर जरासा जायचा, जरासा यायचा. थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतले ते मला कळलंही नाही. समोर दादा नाचत होता, काठी सरळ होती.

“जमलं की!” दादा ओरडला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर वाटलं, आपणही हातांनी काही करू शकणारा माणूस आहोत.

खाली बसल्यावर तात्यांनी आम्हा चौघांना रिवाज सांगितला. बाकीच्यांना तो माहीत होता, माझ्यासाठी सांगितला असावा. “देवळाच्या पल्याड दीपमाळंपाशी खिंडीतला वारा लागतोय. तितं दोर दोनी हातांनी. काठी माज्या हयातीत एकदाच पडल्या. पडली तर निवाडा झाल्याबिगर उचलायची न्हाई. आदी दोरवाल्यांचं हात बगायचं. शेवटपातूर धरल्याला हात सोलतोय. सोडल्याला हात कोरा ऱ्हातोय. ज्येचा कोरा, त्येनं जन्मात फिरून काठीला शिवायचं न्हाई. दीडशे उंबरा त्येला ‘कोऱ्या हाताचा’ म्हनूनच वळखनार.”

“आणि चौघांचेही हात सोललेले असले तर?”

“मग चूक पेलनाऱ्याची. काठी त्या घरातनं गेली.”

“आमच्या घरातनं न्हाई जायाची,” दादा म्हणाला. “कोन हाय दोराला, बघा की. माजा भाऊ हाय.”

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता. हलगी कडाडत होती, गुलालानं हवा तांबडी झाली होती. “भैरोबाच्या नावानं चांगभलं!” म्हणत दादानं काठी पट्ट्यात घेतली. वहिनी दीपमाळेच्या बाजूला बायकापोरांत उभी होती. तिला पाचवा महिना होता.

मी दादाला तसा कधी पाहिला नव्हता. औतामागं चालणारा, जरा पोक काढून बसणारा माझा भाऊ ताठ झाला होता. मान मागं टाकलेली, नजर शेंड्यावर. पेलणाऱ्यानं नजर शेंड्यावरून काढायची नसते. त्याचे पाय आपसूक नाचत होते, दोन्ही हात काठीवर असे ठेवलेले, की जणू तो तिला नाचायला शिकवत होता. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. माझे तळवे जळायला लागले होते, पण मला ते आवडत होतं.

तिसऱ्या फेरीत मागची दोघं जोशात आली आणि दोर ओढू लागली. काठी मागं गेली. दादानं शेंड्याकडं बघतच हसत आरोळी दिली,

“वडू नगा रं! नुस्तं धरा! नाचवनारा मी हाय!”

हेच ते. माझ्या अंगावर काटा आला. सर दोन दिवस जे शोधत होते ते हेच होतं, आणि ते माझ्या भावाच्या तोंडून आलं होतं. ‘सावरणे’ नव्हे, ‘स्थिर करणे’ तर नव्हेच. मी ते मनात म्हणून पाहिलं आणि मला माझी धास्ती वाटू लागली. ऐकलेलं माझ्याजवळ टिकत नाही. खोलीवर पोचेपर्यंत त्यातले शब्द बदलतील, ‘नगा’चं ‘नका’ होईल, आणि कार्डावर शेवटी रामच येऊन बसेल. त्या वेळी आम्ही देवळाच्या सावलीच्या बाजूला होतो. वारा नव्हता. काठी सरळ उभी होती, हलगीवाला ताल बदलण्यासाठी थांबला होता. दोन ओळींचं काम. मी दोर डाव्या काखेत दाबला, खिशातून कार्ड आणि पेन्सिल काढली. ‘कधी’मध्ये तारीख घातली. ‘कोण म्हणालं’ या रकान्यात लिहिलं, रंगराव. मग वाक्य लिहायला घेतलं. ‘वडू नगा रं, नुस्तं ध’

हलगी पुन्हा सुरू झाली होती आणि माझे पाय इतरांबरोबर चालत होते, हे मला समजलं नाही. दीपमाळेचं वळण आलं होतं.

काखेत काहीतरी सळसळलं. मी हात पुढं केला तेव्हा दोराचं टोक माझ्यापासून चार हातांवर, हवेत होतं.

काठी पडायला फार वेळ लागला. ती बायकापोरांच्या बाजूला निघाली होती. बुडखा पट्ट्यातून उसळला तरी दादानं काठी सोडली नाही. तिला मिठी मारून तो जागच्या जागी भोवऱ्यागत फिरला आणि काठी दीपमाळेच्या मोकळ्या बाजूला आणली. तिच्याबरोबर तो जोत्याच्या दगडावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. हलगी चालू असूनही ऐकू आला.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ट्रॅक्टर आणायला एकजण खाली पळाला. तोवर दादाला मंडपात घोंगड्यावर निजवलं. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, नुसती त्याच्या केसांतला गुलाल झाडत होती. बाहेर काठी आडवी पडली होती आणि तिला कुणी शिवत नव्हतं.

तात्या उभे राहिले. “दोरवाले, म्होरं या.”

“तात्या, आदी त्येला दवाखान्यात...” लक्ष्मण म्हणाला.

“टॅक्टर येस्तवर हुतंय. देवाची काठी भुईला पडल्या. हात दावा.”

मागच्या दोघांनी हात पुढं केले. तळव्यांवर आडवे, ओले, लाल पट्टे होते. तात्यांनी मान हलवली. लक्ष्मणनं हात उघडला. त्याच्या उजव्या तळव्याची कातडी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सोलून लोंबत होती. मंडपातली दीडशे माणसं माना उंच करून बघत होती.

माझ्या मुठी मिटलेल्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत तळवे लाल झाले होते खरे, पण ते सोललेले नव्हते. उजव्या हाताच्या बोटांना पेन्सिलीचा काळा डाग होता. कार्ड कुठं पडलं होतं मला माहीत नाही. मला बोलायचं होतं. आज इतक्या वर्षांनी कुणाला खरं वाटणार नाही, मला स्वतःलाही कधी कधी वाटत नाही, पण मला बोलायचं होतं. मी वाक्य जुळवत होतो. ‘तात्या, दोर माझ्या हातून सुटला.’ पण तो हातून सुटला नव्हता, हातात नव्हताच. मग ‘तात्या, मी दोर धरला नव्हता.’ पण दोन फेऱ्या तर धरला होता. नेमकं काय म्हणावं याचा मी विचार करत राहिलो.

“मास्तर,” तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “मूठ उगड.”

“हात बघू नगा.”

दादाचा आवाज होता. दात आवळून बोलत होता. “तात्या, हात कशाला बगता? पाय माजा घसरला. पायरीवर गुलाल हुता.”

“रंगा, नीट ध्यान करून बोल. काठी घरातनं जाईल.”

“ध्यान हाय मला. पाय घसरला. दोर समदं धरल्यालं हुतं.”

तात्यांनी आपला चांगला डोळा माझ्यावर रोखला. मग ते वळले. दादाजवळ उकिडवे बसले, त्याच्या कमरेचा पट्टा सोडवू लागले. बक्कल रक्तामातीत घट्ट बसलं होतं. दादानं कमर उचलायचा प्रयत्न केला, पण उचलता येईना. तेव्हा वहिनीनंच हात घालून ते सोडवलं आणि पट्टा तात्यांच्या हातात दिला. आमच्या पणज्याचा पट्टा. त्या क्षणी ती पहिल्यांदा रडली.

बाहेर चौघांनी काठी उचलली आणि मगदुमांच्या घराकडं नेली. माझी मूठ मिटलेलीच होती.

चार दिवसांनी मी कामावर गेलो. सरांनी हात पुढं केला. मी नवं, कोरं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

“नाही मिळालं, सर.”

“जत्रेत?” ते एवढंच म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी कार्ड परत खोक्यात ठेवलं आणि पुढचा शब्द काढला.

दादाचं हाड वाकडं जुळलं. उजवा पाय चार बोटं आखूड झाला. औत सुटलं, शेत वाट्यानं दिलं. ओट्यावर बसून तो अंबाडीचे दोर वळू लागला. त्याला मुलगी झाली, मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. जत्रेच्या दिवशी तो माळावर जात नसे. मी वर्षाकाठी एकदा जायचो, तासाभरानं उठायचो. मनाला एक समजूत घालून ठेवली होती: खरंच त्याचा पाय घसरला असेल. गुलाल होताच पायरीवर. माझा दोर सुटायला आणि त्याचा पाय घसरायला एकच गाठ पडली असेल. तो शेंड्याकडं बघत होता, त्याला माझं काय दिसणार? रात्री झोप येईना तेव्हा मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे, आणि कधी कधी झोप येत असे.

‘एस’चं अक्षर संपायच्या आत गुणेसर वारले. उरलेला कोश मी पुरा केला. ब्याऐंशी साली छापून आला. दोन खंड, तांबडं कापडी पुठ्ठं, खालच्या बाइंडरनंच बांधलेला. पहिली प्रत घेऊन मी वाडीला गेलो.

दादानं हात धोतराला पुसले आणि दुसरा खंड मांडीवर घेतला. लहान मूल तोलावं तसा जरा तोलून बघितला.

“वज्जन हाय की. ह्ये समदं तू लिवलंस?”

“सरांनी. मी थोडं.”

“आगं, ये, बग. तुज्या भावजीनं काय केलंय!” वहिनी दारात येऊन बघून गेली. चहा ठेवायला आत गेल्यावर दादानं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. “त्यो शब्द काड.”

“कुठला?”

“ज्येच्यापायी खिशात हात घातलास, त्यो.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. दादा वळायला घेतलेल्या दोराची गाठ बोटांनी दाबत होता. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, तंबाखूची पुडी मागावी तसं तो बोलला होता.

“दादा, तुला...”

“दोर ढिला पडल्यालं शेंड्याला आदी कळतंय. तुरा हालला. तुज्या अंगाचा दोर लोंबाय लागला. म्या खाली बगितलं.”

“पेलणाऱ्यानं नजर काढायची नसते.”

“न्हाई काडायची.” त्यानं दोराचा पीळ बोटांत फिरवला. “मला वाटलं, ह्येला भवळ आली. उनाची सवं न्हाई पोराला, पडलं का काय. बगितलं तर तू लिवत हुतास. तेवड्यात वारं लागलं.” त्यानं गाठ आवळली. “म्हंजी माजीबी चूक हुतीच की. लबाड न्हाई बोललो तात्यास्नी. नजर काडली म्या.”

मी पुठ्ठ्याची कड बोटानं चाचपत राहिलो.

“काड म्हनतो न्हवं शब्द.”

मी पानं उलटली. दोनदा पुढं गेलो, दोनदा मागं आलो. बोट ठेवलं.

“वाच.”

“‘स्टेडी, क्रियापद. सावरणे, तोल राखणे.’”

“म्होरं?”

“‘रामाने खुर्ची सावरली.’”

दादा पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “ह्यो राम कोन?”

“कुनी न्हाई, दादा.”

त्यानं मान डोलावली. पुस्तक मिटलं, धुळीचा हात लागू नये म्हणून मनगटानं सरकवलं. “ऱ्हाऊ दे. च्या घे.”

पाचच्या एसटीला मी निघालो तर तो म्हणाला, फाट्यापर्यंत येतो. वहिनी नको नको म्हणत असताना त्यानं टेकायची काठी घेतली. फाटा कोस-दीड कोस नव्हे, दोनशे पावलांवर. पण वाट उताराची आणि खडीची. आखूड पाय टेकला की तो उजवीकडं पार कलायचा, मग झोका घेऊन पुन्हा वर यायचा. तीनचार पावलं मी नुसतं पाहिलं. मग काखेतले दोन्ही खंड वाटेकडेच्या दगडावर ठेवले आणि त्याचा दंड पकडला. घट्ट. अकरा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. तो कलला की मी त्याला माझ्याकडं खेचायचो, त्यामुळं त्याचं पाऊलच पडेना.

तो थांबला. दम लागला होता. खाली वाटेकडं बघत, जरा हसून, हळूच म्हणाला,

“वडू नगो रं. नुस्तं धर. चालनारा मी हाय.”

मी पकड सैल केली. सोडली नाही. तो कलायचा, हात त्याच्याबरोबर जायचा. तो वर यायचा, हात वर यायचा. फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली आणि घंटी दिली. खिशात पेन होतं, सवयीनं ठेवलेलं एक कोरं कार्डही होतं. माझे दोन्ही हात त्याच्या दंडाला होते. गाडी धूळ उडवत निघून गेली तरी आम्ही दोघं तसेच, एकेक पाऊल, फाट्याकडं उतरत होतो.